ट्रायलच्या वेळी लावलेलं गाणं

गॅरेजवर माझं नाव कुणी घेत नाही. सगळे मला 'कान' म्हणतात. "कानाकडे टाका गाडी," असं म्हणून लोक दोन-दोन गल्ल्या ओलांडून माझ्याकडे गाड्या ढकलत आणतात. तीस वर्षं मी मोटरसायकलींचा मेस्त्री आहे, आणि खोटं कशाला बोलू, या नावाचा मला भारी माज होता. गाडी कोपऱ्यावर वळली की मी मान वर न करता सांगायचो, इंजिनात टॅपेट वाजतंय, नाहीतर चेन सैल आहे. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत! बायको म्हणायची, "गाड्यांचं बरं सगळं ऐकू येतं. मी हाक मारली की बहिरे होता!"

हे कान घडवले माझ्या उस्तादानं. काम झालं की ट्रायल मारायची, म्हणजे गाडी रस्त्यावर फिरवून बघायची, आणि तेव्हा तोंड बंद ठेवायचं, हा त्याचा नियम. मी एकदा शीळ घालत ट्रायलवरून आलो, तर चार गिऱ्हाइकांसमोर कानफटात ठेवून दिली. "गाडी बोलत असताना मध्ये तोंड घालतोस?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आणखी दोन द्यायला हव्या होत्या.

पन्नाशीला मुलीनं मला इयरफोन दिले. बिनवायरचे, शेंगदाण्याएवढे. "बाबा, दिवसभर ठकठक ऐकून डोकं उठत असेल तुमचं. येता-जाता गाणी ऐका." आधी मी नाटकं केली. मग एक दिवस घरी जाताना हेल्मेटच्या आत घालून बघितले, आणि काय सांगू, वेडाच झालो. मोकळा रस्ता, अंगावर वारा, आणि तरुणपणी ऐकलेलं गाणं थेट डोक्यात! घर आलं तरी थांबवेना. दोन चकरा जास्तीच्या मारल्या. बायकोला सांगितलं, रस्त्यात गर्दी होती. या वयात असलं खोटं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण आधी जाता-येता, मग सुटे भाग आणायला जाताना, आणि मग एक दिवस ट्रायललासुद्धा. पहिल्या वेळी उस्ताद आठवला. दुसऱ्या वेळी नाही आठवला.

आमच्या भागात एक नर्सताई आहेत. घरोघर जाऊन पेशंटचं ड्रेसिंग करतात. बेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकल शिकल्या. पाय टेकावेत म्हणून सीट खाली घेऊन मीच दिली होती त्यांना. आधी त्यांचा थोरला भाऊ त्यांना सोडायचा, आणि त्याची सवड होईस्तोवर पेशंट वाट बघत बसायचे. गाडी आल्यापासून ताईंचा चेहराच बदलला होता. गॅरेजवरून जाताना हॉर्न द्यायच्या, उगाचच.

त्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "मेस्त्री, चाळीसच्या पुढे गेलं की पुढून घरघर येते."

मी चाक हलवून बघितलं. काही नाही. "ट्रायल मारून बघतो," म्हटलं, हेल्मेट घातलं आणि निघालो. कानात गाणं चालूच होतं. ते काढायचं माझ्या मनातही आलं नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, वळून आलो, मजेत. आणि वर शहाणपणानं सांगितलं, "मीटरच्या केबलचा आवाज आहे, ताई. तेल सोडलंय. बिनधास्त चालवा."

चौथ्या दिवशी वळणावर पुढचं चाक जाम झालं आणि ताई पडल्या. उजवं मनगट मोडलं.

त्यांचा भाऊ टेम्पोत घालून गाडी घेऊन आला. शेजारी हात गळ्यात बांधलेल्या ताई. भाऊ म्हणाला, "मेस्त्री, तुम्हीच सांगा हिला. चारच दिवसांपूर्वी तुम्ही गाडी बघितली होती ना? ठीक होती ना? मग दुसरं काय कारण असणार? मी आधीच म्हणत होतो, हिला हे जमायचं नाही. गाडी सरळ करून द्या, विकून टाकतो."

आणि ताई मला समजावल्यासारख्या म्हणाल्या, "तुमच्या कानाखालून गेली होती, म्हणजे गाडीत काही नसणारच. मीच ब्रेक जोरात मारला असेल."

मी काय म्हणालो माहितीये? "हं."

ते गेल्यावर चाक उघडलं. बेअरिंगचा चुरा झाला होता. ज्या दिवशी चाक हलवून काही कळलं नव्हतं, त्या दिवशी ते फक्त आवाज करत होतं. तो ऐकण्यासाठीच ट्रायल असते आणि तो ऐकण्यासाठीच लोक मला कान म्हणतात. मी गुपचूप नवं बेअरिंग बसवलं, जुनं फडक्यात गुंडाळून खिशात टाकलं आणि गाडी पाठवून दिली. शेण खाल्लं मी. नुसतं खाल्लं नाही, वर तोंड पुसलं.

दोन आठवडे ते फडकं खिशात घेऊन फिरलो. इयरफोन कपाटात गेले. बायकोनं विचारलं, "काय हो, गाणी संपली का?" मी उगाच तिच्यावर खेकसलो. मग टेम्पोवाला बोलता बोलता म्हणाला, त्या नर्सबाईंच्या गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी नेणार. त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. भाऊ पेपर वाचत होता, ताई डाव्या हातानं कपडे घडी करत होत्या. मी टेबलावर फडकं उलगडलं.

"हे तुमच्या चाकातलं आहे, ताई. याच्यामुळे पडलात. तुमची काही चूक नव्हती."

ताईंनी बेअरिंग उचललं, टेबलावर दाबून फिरवलं. घर्र झालं. "हाच आवाज," त्या म्हणाल्या. "मी सांगितला होता ना तुम्हाला? मग तुम्हाला ऐकू कसा नाही आला?"

"कानात गाणं होतं."

भाऊ ताडकन उठला. काय काय बोलला, सगळं बरोबरच बोलला. ताईंनी त्याला हातानं थांबवलं.

"कोणतं गाणं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. "आठवत नाही, ताई."

मला वाटलं, जमीन फाटली तर बरं. मग ताई म्हणाल्या, "आठवतसुद्धा नाही. आणि मी दोन आठवडे रोज तो ब्रेक आठवतेय." नंतर त्या भावाकडे वळल्या. "दादा, चावी दे." तो काहीतरी बोलायला गेला. "चावी दे, दादा." त्यानं दिली.

प्लास्टर निघालं. ताई पुन्हा गाडी चालवतात. माझ्याकडे येत नाहीत, पुढच्या चौकातल्या मेस्त्रीकडे जातात. गॅरेजवरून जातात तेव्हा हॉर्न नसतो. पण गाडी मला दोन गल्ल्या आधीच ऐकू येते.

परवा चेन सैल वाजत होती. मी पाना ठेवून दारापर्यंत धावलो, तोवर त्या पुढे गेल्या होत्या. हाक मारायला तोंड कुठे होतं मला? चौकातल्या मेस्त्रीला फोन लावला. "नर्सताई आल्या की चेन ओढून घे."

तो हसला. "आत्ताच आल्यात. त्यांनीच सांगितलं चेनचं. आणि कान, एक विचारू का? ट्रायलला त्या नेहमी माझ्या मागे बसून येतात. निघायच्या आधी हेल्मेट काढायला लावून माझे कान बघतात. असं का हो करतात?"

मी त्याला सगळं सांगितलं. गाणं मात्र अजून आठवलेलं नाही.