चारचं ऊन

नव्या खोलीत शिरले की सर आधी उजवा हात पुढे करायचे. तीर्थ घ्यायला करतो तसा, तळवा वर आणि बोटं जरा मिटलेली. मग तळव्यावर ऊन पडेपर्यंत खोलीभर सावकाश सरकत राहायचे. घरमालक चहाचा कप घेऊन मागे उभे. ऊन सापडलं की सर थांबायचे आणि विचारायचे, "हे किती वाजेपर्यंत असतं?"

घरमालकाला हे कधीच माहीत नसे. तुम्हाला तरी माहीत आहे का, तुमच्या घरात साडेतीनला ऊन कुठल्या फरशीवर असतं? मलाही नव्हतं. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला मी त्यांच्या नाशिकमधल्या, अशोकस्तंभाजवळच्या ऑफिसात काम मागायला गेलो, तेव्हा त्यांनी माझी ड्रॉइंग बघितलीच नाहीत. माझ्या घरात ऊन कुठून येतं एवढंच विचारलं. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांना मी घर म्हणत होतो, त्यात कुठून काय येतं याचा विचार मी कशाला करतोय. माहीत नाही म्हणालो.

पुढच्या रविवारी ते आमच्या दारात हजर. आईची धांदल उडाली. एवढा मोठा माणूस, आणि येऊन मोरीत हात पुढे करून उभा. त्यांनी आईलाही तोच प्रश्न विचारला. आई म्हणाली, "सकाळच्याला मोरीत असतं. अकराला चटईवर येतं, तवा मी वाळवण घालते. बाराच्या पुढं जातं ते जातंच." सरांनी तिच्या हातचा चहा घेतला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुझ्यापेक्षा आई मोठी आर्किटेक्ट आहे. तू उद्यापासून ये. तिचं तुला किती येतं ते बघू."

तिथे मी सहा वर्षं काढली. पहिल्या वर्षी कागदावर भिंत काढायला मिळालीच नाही. प्लॉटवर एक घडीची खुर्ची, एक काळी छत्री आणि एक वही घेऊन दिवसभर बसायचं आणि दर तासाला सावली कुठे गेली ते टिपायचं. छत्री सरांची. पावसात ती ते विसरून यायचे, उन्हात मात्र कधी नाही. उन्हावर एवढं प्रेम असलेला माणूस छत्रीशिवाय बाहेर पडत नाही, याचं मला हसू यायचं. एकदा मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "घरात येऊ द्यायचं ते ऊन वेगळं आणि डोक्यावर घ्यायचं ते वेगळं."

अधूनमधून रविवारी ते मला देवळालीच्या लष्करी कॅम्पात घेऊन जायचे. तिथल्या जुन्या बंगल्यांचे खोल व्हरांडे फाटकाबाहेरून दाखवायचे. एकदा एका जवानानं हटकलं तर त्यालाच विचारत बसले, इथे दुपारी खाट कुठे टाकता म्हणून. त्यानं जागा दाखवली. सरांनी ती वहीत टिपून घेतली.

सरांचे स्वतःचे एक गुरू होते, मुंबईतले. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण ऑफिसात ते असल्यासारखेच होते. तरुणपणी परदेशात एका मोठ्या आर्किटेक्टच्या हाताखाली राबून ते परत आले होते आणि येताना एकच गोष्ट घेऊन आले होते. लपवायचं नाही. काँक्रीट आहे तर काँक्रीट दिसू दे, वीट आहे तर वीट दिसू दे. गिलावा नको, रंग नको, नक्षी तर नकोच. सरांनी त्यांच्याकडे सात वर्षं काम केलं, मग नाशिकला येऊन स्वतःचं पहिलं मोठं काम केलं, ते पंचवटीतल्या मुलींच्या शाळेचं.

ती शाळा तुम्ही पाहिली असेल. म्हणजे पूर्वीची पाहिली असेल तर. तीन मजले, काँक्रीटच्या छतावर सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेले, आणि पश्चिमेच्या अंगाला, रस्त्यापासून गच्चीपर्यंत, विटा तिरप्या रचून केलेली एक अख्खी जाळी. जाळीमागे प्रत्येक मजल्यावर लांब व्हरांडा. दोनचं ऊन अडवायचं, चारचं सोडायचं, असा त्या जाळीचा हिशोब होता. चारला शाळेची शेवटची घंटा व्हायच्या आधी व्हरांड्याच्या फरशीवर उन्हाचे ठिपके उतरायचे. मुली वर्गातून सुटायच्या आणि ठिपक्यांवर पाय देत जिन्याकडे जायच्या. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. दर वर्षी नव्या मुली तेच करायच्या.

गुरू शाळा बघायला आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, जाळीपाशी आले आणि म्हणाले, "इथे तू घाबरलास. ही सजावट आहे." सरांनी सांगितलं की ही सावली आहे. गुरूंनी ऐकून घेतलं नाही. सरांनी त्यांना कसंबसं चारपर्यंत थांबवलं. चारला गुरू व्हरांड्यात उभे राहिले आणि चहा न घेता स्टेशनवर गेले. आठ दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. चार वाजता तू बरोबर होतास.

ते कार्ड सरांच्या खणात, टी-स्क्वेअरच्या मोठ्या पट्टीखाली असायचं. कुठल्याही बक्षिसापेक्षा त्यांना ते मोठं वाटायचं. खण उघडताना ते जरा जास्तच वेळ लावायचे, एवढं मी पाहिलंय.

आता सरांना देव करायला मी बसलेलो नाही. शाळा गळायची. सपाट स्लॅब आणि नाशिकचा पाऊस, यांचं जमलं नाही ते नाहीच. विटा पाणी प्यायच्या आणि भिंती आतून ओलसर व्हायच्या. गिलावा करू द्या म्हणून संस्थेचे लोक विनवायचे, तर सर म्हणायचे, "भिंतीला घाम येतो म्हणून तिला पावडर फासायची नाही." दर मेमध्ये स्वतः खडू घेऊन गच्चीवर चढायचे आणि फटी शोधत उकिडवे बसायचे. आणि पारवे. रामकुंडापासूनचे सगळे पारवे त्या जाळीत मुक्कामाला. तेव्हाच्या मुख्याध्यापिका एकदा हात जोडून म्हणाल्या, "सर, उन्हाची सोय केलीत, पारव्यांची आपोआप झाली. आता आमच्या मुलींचं तेवढं बघा." सर मनापासून हसले. मग तारेची जाळी बसवून घेतली. पारवे तिच्या आत अंडी घालू लागले.

या हट्टापायी त्यांची कामं कमी होत गेली. लोकांना काचा हव्या होत्या. मी ऑफिस सोडलं आणि लोकांना काचा दिल्या. कॉलेज रोडवरच्या माझ्या पहिल्या इमारतीच्या उद्घाटनाला सर आले होते. आत आले, हात पुढे केला, बराच वेळ इकडेतिकडे फिरले. शेवटी म्हणाले, "एसी छान आहे." लोकांना ते कौतुक वाटलं. मी त्या रात्री जेवलो नाही.

पुढे सरांची नजर गेली. आधी डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला, तो पसरत गेला, आणि शेवटी उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं राहिलं. ऑफिस बंद झालं. घरी काकू, सरांच्या पत्नी, त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. मी महिन्यातून एकदा जायचो, मग दोन महिन्यांतून.

अशात शाळेचं काम माझ्याकडे आलं. संस्थेवर नवी मंडळी आली होती. त्यांना जुनी शाळा गोदामासारखी दिसत होती. बाहेरून चकचकीत पत्र्याचे पॅनेल बसवायचे, खिडक्यांना निळ्या काचा, आत एसी. मी नकार देऊ शकत होतो. मी नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल आणि जाळी पहिली तोडेल, असं मी स्वतःला सांगितलं. सोयीचं कारण शोधायला मला कधीच फार वेळ लागलेला नाही.

पॅनेलचा सांगाडा ठोकायचा तर आत बीम कुठे आहेत ते कळायला हवं होतं. मूळ ड्रॉइंग फक्त सरांकडे होती. मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. काकूंनी चहा आणला, तो तसाच राहिला. मग ते उठले, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले आणि कापडात गुंडाळलेली गुंडाळी घेऊन आले. ती त्यांनी न चाचपडता काढली होती.

"चुकीच्या ठिकाणी ठोकू नका. आतलं लोखंड वर आलंय काही जागी," ते म्हणाले. "बाकी काय करायचं ते कर. जाळीला हात लावू नकोस."

"नाही लावणार, सर."

माझ्या आवाजात खोटं नव्हतं. तेव्हा नव्हतं.

संस्थेबरोबरची मीटिंग झाली ती माझ्याच ऑफिसात. जाळी तेवढी उघडी ठेवू या, असं मी बोललो. एक जण म्हणाले, ठिगळ लावल्यासारखं दिसेल. दुसरे म्हणाले, व्हरांड्यात एसी घालायचा तर हवा बाहेर जाईल. तिसऱ्यांनी पारव्यांचं काढलं. मी एकदा सरांचं नाव घेतलं. त्यावर कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी आदरानं मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. मी आणखी भांडायला हवं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. चार दिवसांनी बाहेरून पॅनेल आणि आतून जिप्सम बोर्ड असं जाळी बुजवण्याचं ड्रॉइंग मी स्वतः काढलं, ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला दिलं नाही. बीम सरांच्या ड्रॉइंगवरून पाहिले. एकही खिळा चुकीच्या जागी गेला नाही.

काम संपून महिना झाला असेल, सरांचा फोन आला. "एक दिवस शाळेत नेशील का? चारला."

मी दोनदा पुढे ढकललं. तिसऱ्यांदा ढकलवेना. गाडीत सांगू असं ठरवलं होतं. गाडीत ते छत्री मांडीवर आडवी धरून बसले होते, खूप खुशीत. रामवाडीचा पूल आला का, भाजीबाजार आला का, विचारत होते. मी हो हो करत राहिलो. सांगितलं नाही.

मार्गशीर्षातली स्वच्छ दुपार होती, आभाळात एक ढग नव्हता. मी त्यांना दंड धरून दुसऱ्या मजल्यावर नेलं. जिना ते पायऱ्या न मोजता चढले. व्हरांड्यात छताचे पांढरे दिवे लख्ख लागलेले होते. त्यांना उजेड जाणवला असणार, कारण चेहरा उजळला आणि माझा हात सोडून ते चालायला लागले. जाळीपासून हातभर अंतरावर बरोबर थांबले. कुणी सांगावं लागलं नाही.

मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

घंटा झाली. मुली वर्गातून बाहेर पडल्या आणि आमच्या दोन्ही बाजूंनी सरळ चालत गेल्या. फरशीवर पाय देण्यासारखं काही नव्हतंच. वरून एसीची गार हवा येत होती. सर तसेच उभे. हात एकदा थोडा डावीकडे सरकवला, एकदा उजवीकडे. तळव्यावर दिव्याचा पांढरा उजेड पडला होता. मला तो हात बघवेना. सर, मी चुकलो, एवढं म्हणायचं होतं. ते अजून म्हणायचंच आहे.

शेवटी त्यांनी हात मिटला आणि खाली घेतला.

"आज ढगाळ आहे वाटतं," ते म्हणाले.

"हो, सर."

आम्ही खाली आलो. फाटकाबाहेर पाऊल टाकताच ऊन आमच्या तोंडावर आलं. सर एक क्षण थांबले. त्यांनी छत्री उघडली, डोक्यावर धरली आणि गाडीकडे चालू लागले. परतीच्या वाटेवर त्यांनी पूल आला का ते विचारलं नाही.

त्यानंतर मी एकदाच त्यांच्या घरी गेलो. ते झोपले होते. चैत्रात ते गेले. काकूंनी मला बोलावून सांगितलं की ड्रॉइंगची गुंडाळी तुझ्याकडेच राहू दे, असं ते म्हणाले होते. का म्हणाले, ते मी विचारलं नाही.

माझी मुलगी आता आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या वर्गात जुन्या काँक्रीटच्या इमारतींचं सगळ्यांना वेड लागलंय. मी शिकत होतो तेव्हा ज्याला आम्ही गोदाम म्हणायचो त्याचे फोटो ती मोबाइलवर जपून ठेवते. मागच्या महिन्यात तिला कपाटात ती गुंडाळी सापडली. जमिनीवर पसरून ती तासभर गुडघ्यांवर बसली होती. जाळीच्या ड्रॉइंगवर सरांनी पेन्सिलनं उन्हाचे ठिपके काढलेत, एकेक करून, आणि कोपऱ्यात वेळ लिहिली आहे. तिनं त्या ठिपक्यांवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, ही पंचवटीतली ना? मला चारला घेऊन चला."

आज नेऊ, उद्या नेऊ, असं मी करतोय. गेल्या रविवारी ती स्केचबुक घेऊन, चपला घालून दारात उभी होती. मी म्हणालो, आज ढगाळ आहे.

तिनं खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि चपला काढल्या.