डाळिंबाला कानटोपी

बोन्साय वर्षात बोटभर वाढतं, त्याचे किस्से मात्र कुंडीत मावत नाहीत! आणि ओमानमध्ये, सीब गावातल्या आमच्या बोन्साय ग्रुपात बायका तीनच: मी, इंजिनियर निकमताई आणि रत्नागिरीच्या रुकय्याभाभी.

*

माझ्या माहेरच्या डाळिंबाच्या दोन फांद्या मी आणल्या होत्या. एक मला, एक निकमताईंना. नऊ वर्षं झाली, फूल नाही! भाभी म्हणाल्या, "त्यांना थंडी पाहिजे. आमच्या ह्यांचं जबल अख्दरला, डोंगरावर दुकान आहे. हिवाळाभर तिथे ठेवू."

मी गुपचूप कुंडीच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका दिला. निकमताईंनी पाहिलंच. "अदलाबदल व्हायला ती कुंडी आहे की पोर?"

त्यांची कुंडी गाडीत ठेवताना बूड दिसलं. खिळ्याने कोरलेलं: निकम!

*

जानेवारीत भाभींचे मिस्टर, हसनभाई, यांचा फोन. "वैनी, बादलीतलं पाणी गोठलं!"

"आणि झाडं? जगतील ना?"

"इन्शाल्ला."

"हो की नाही ते सांगा!"

"इन्शाल्ला म्हणजे हो."

"आमचा प्लंबर इन्शाल्ला म्हणतो, तेव्हा महिनाभर येत नाही!"

*

मी फोटो मागवला. दोन्ही कुंड्या गोणपाटात गुंडाळलेल्या आणि वर चक्क कानटोप्या!

निकमताईंनी झूम करून पाहिलं. "टोपीखाली झाडच आहे कशावरून?"

दुसरा फोटो आला, टोप्या काढून. नुसत्या काटक्या! सीबला त्यांची सगळी पानं कधी गळलीच नव्हती. मला रडूच आलं.

"झोपलीत हो ती," भाभी म्हणाल्या. "तुम्ही काय मेकअप करून झोपता?"

*

मार्चमध्ये झाडं खाली आली. नखाने साल जरा खरवडली, आत हिरवं! हुश्श झालं. मग कुंडी उचलून पाहिली. ठिपका नाही! दुसरीवर निकमही नाही!

"बर्फाने दोन्ही कुंड्या तडकल्या," हसनभाई म्हणाले. "नव्यात लावली."

"मग माझं कुठलं?"

"हे." पण बोट दाखवण्याआधी ते जरा थांबले. मी बघितलं ना!

महिनाभर त्या झाडाला पाणी घातलं, पण परक्याच्या मुलाला घालावं तसं.

*

एप्रिलमध्ये माझ्याकडच्या झाडाला सात लालभडक फुलं आली. निकमताईंकडे एकही नाही. त्या चहाला आल्या आणि कप हातात घेऊन कुंडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हे नक्की तुझंच का गं?"

"म्हणजे काय! आईला आपलं पोर ओळखू येत नाही?"

"थांब, हसनभाईंनाच विचारते." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

मी घाईघाईने ओरडले, "हसनभाई, फुलं आलेलं झाड माझंच ना?"

"इन्शाल्ला, वैनी!"