मान डोलावणारं विमान

काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानाच्या वर मी राहते. साहित्याची पदवी, भाड्याची खोली आणि नोकरीची वाट, एवढाच माझा संसार. दुपारी एक ते चार दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. काका तेव्हा झोपतात, असा माझा समज होता.

एका दुपारी सुई मागायला वाकून आत शिरले. काका लढाऊ विमान उडवत होते.

कापड कापायच्या मेजावर संगणक होता. कानांवर हेडफोन, हातात जॉयस्टिक. पायांखाली जुन्या मशीनचं पायडल होतं, त्यालाच तारा जोडून त्यांनी विमानाचं सुकाणू केलं होतं. पडद्यावर पुढे पंखा असलेलं जुनं विमान ढगांतून चाललं होतं. साठी उलटलेला माणूस ओरडत होता, "डावीकडून येतोय! डावीकडून!"

मी सुई विसरले.

"वरची आली आहे," काकू आतून म्हणाल्या. "उतरा आता खाली."

"असं मधेच उतरता येत नाही. धावपट्टी लागते."

"जेवायला बोलावलं की बरी सापडते धावपट्टी!"

त्या दिवसापासून मी रोज खाली जाऊ लागले. काका इंटरनेटवरून सहा जणांच्या तुकडीत उडतात. कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तुकडीच्या कप्तान कुठल्याशा गावातल्या दातांच्या डॉक्टर आहेत. काकांना तिथे सगळे 'उस्ताद' म्हणतात, कारण नवख्यांना तेच शिकवतात. इंजिन जोर धरतं तसं विमान एका बाजूला ओढतं, तेव्हा पाय कधी दाबायचा, किती दाबायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला सांगता येत नाही. चाळीस वर्षं पायडलवर गेली आहेत त्यांची.

पण दोन महिन्यांपासून उस्तादांचं विमान बिघडलं होतं. सरळ उडताना नाक वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. मान डोलावल्यासारखं. रांगेत उडताना काका कप्तानांच्या मागे असत. दोनदा त्यांनी मागून कप्तानांची शेपटी उडवली. दुसऱ्या वेळी कप्तान, दात उपटण्याआधी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाल्या, "उस्ताद, हा रविवार बघू. पुन्हा झालं तर थोडे दिवस जमिनीवरच बसा."

काका ताट अर्ध्यावरच सारू लागले. ज्यांनी शिकवलं त्यांनीच बाहेर बसायचं!

"माझ्या दुखण्यातसुद्धा एवढे सुकला नव्हतात," काकू म्हणाल्या.

"तुझं दुखणं बरं होणार हे माहीत होतं."

चूक गेम बनवणाऱ्यांची आहे, असं काकांनी तुकडीत सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. आता लेखी तक्रार करायची होती. कप्तान ती पुढे पाठवणार होत्या.

"तू साहित्याची ना? मग लिही," काका मला म्हणाले.

"मला विमानातलं काही कळत नाही, काका."

"हात पुढे कर."

त्यांनी माझ्या बोटावर कापडाची कात्री आडवी तोलली. मग तिच्या मुठीच्या बाजूला दोऱ्याचं रीळ अडकवलं. कात्री कलंडली.

"पायलटच्या मागची पेट्रोलची टाकी भरलेली असली की असं होतं. शेपटी जड. नाक जरा उचललं की ते आणखी उचलतंच. कळलं? आता मी ती टाकी रिकामी ठेवून उडतोय. तरी डोलतंय. म्हणजे तोल गेमवाल्यांनीच चुकीचा धरलाय."

मला पटलं. मी चार पानं लिहिली. 'कंपायमान' हा शब्द तीनदा वापरला. काकांनी तिन्ही वेळा खोडून 'डुगडुगतं' लिहिलं.

शनिवारी दुपारी शेवटचं वाचन होतं. काकांनी पुरावा म्हणून विमान उडवलं. काकूंनी चहा आणला. काकांनी कप उचलला, मी पान उचललं. पडद्यावर विमान डोलत होतं.

"अहो," काकू म्हणाल्या.

"थांब, ती वाचतेय."

"वाचू दे. तुमच्या एका हातात कप, एका हातात बशी. मग नाक कोण हलवतंय?"

काकांनी जॉयस्टिककडे पाहिलं. मीही पाहिलं. ती आपली निमूट उभी होती. तिच्या बुडाशी दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता.

या तुकड्याविषयी सांगायला हवं. दर सोमवारी काका दुकानातल्या प्रत्येक मशीनला तेल देतात आणि तारीख लिहून पुठ्ठा बांधतात. पंख्याला पुठ्ठा आहे. शटरला आहे. माझ्या दाराच्या कडीलाही आहे. त्यामुळे जॉयस्टिकचा पुठ्ठा मी पहिल्या दिवसापासून पाहत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"काका, हिलासुद्धा तेल?"

"करकरत होती."

"कधीपासून देताय?"

पुठ्ठ्यावर नऊ सोमवार होते.

त्यांनी पेचकस घेतला आणि जॉयस्टिक उघडली. आत तेलाचं तळं. दांड्याची हालचाल संगणकाला कळवणारी पट्टी त्यात बुडाली होती. दांडा जागेवर असतानाही ती हलल्याचा निरोप देत होती. विमान डोलायला लागलं तसं काकांनी तेल वाढवलं होतं.

"चाळीस वर्षांत माझ्या हातचं मशीन परत आलेलं नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"हे पण परत आलेलं नाही," काकू म्हणाल्या. "घरातच होतं."

चार पानं काकांनी घडी करून खिशात घातली. मला वाटलं, गुपचूप नवी जॉयस्टिक आणतील आणि गेम सुधारला म्हणून सांगतील. मी असते तर तेच केलं असतं. काकांनी कप्तानांना फोन लावला.

"डॉक्टर, विमान चांगलं आहे. मीच जॉयस्टिकला तेल दिलं."

"तेल? कसलं?"

"मशीनचं."

"किती?"

"दर सोमवारी."

पलीकडे असं हसू फुटलं की मला दोन हात लांबून ऐकू आलं. बऱ्याच वेळाने कप्तान म्हणाल्या, "उस्ताद, मी पेशंटना रोज सांगते, दात घासा. काही जण हिरड्या सोलून येतात. या उद्या. तुकडीला मात्र तुम्हीच सांगायचं."

रविवारी काकांनी नव्या जॉयस्टिकवर हात ठेवला आणि आधी पाचही जणांना सगळं सांगितलं. हसणं ओसरेपर्यंत ते धावपट्टीवर थांबून राहिले. मग उडाले.

कप्तानांच्या मागे विमान दोरी बांधल्यासारखं चाललं. नाक हललं नाही. पण उजवीकडे वळताना नवी जॉयस्टिक करकरली. काकांचा डावा हात आपोआप फळीकडे गेला. तिथे तेलाच्या कुपीचा नुसता गोल डाग होता.

"कुपी कुठे आहे?"

"हवेत आहात," काकू मागून म्हणाल्या. "समोर बघा."

चाळीस मिनिटं ते करकर ऐकत उडाले. प्रत्येक वळणाला त्यांचा खांदा आक्रसायचा. शत्रूच्या गोळ्यांना ते एवढे दचकत नव्हते.

उतरल्यावर कप्तानांचा आवाज आला, "उस्ताद, मागे होतात ना? जाणवलंच नाही."

काकांनी हेडफोन काढला. कपाळ घामाने डबडबलं होतं.

"जमलं, काका!" मी म्हणाले.

"ते जाऊ दे. ऐकलंस ना तू? उजवीकडे वळताना?"

काकूंनी मांडीवरची कुपी दोन्ही हातांनी घट्ट धरली.