खिडकीची माणसं

आमच्या बाइंडिंग खात्यात खिडकी एकच होती आणि तिच्याबद्दल मत नसलेला माणूस तिथे टिकत नसे. मी वरच्या माळ्यावर प्रुफं वाचायचो. वर खिडकीच नव्हती, म्हणून मला कुणी काही विचारायचं नाही. ही गोष्ट खालच्या थोरलीची आहे.

थोरली घड्या घालायची. छापून आलेला मोठा कागद सोळा पानांत दुमडायचा, घडीवरून पट्टी फिरवायची, चळतीवर ठेवायचा. असं एकोणीस वर्षं. दोन टेबलं पलीकडे तिची धाकटी जाऊ पुठ्ठ्यांना सरस लावायची. घर एकच, दोन खोल्या आणि मधे स्वयंपाकघर. जाऊ लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनंच तिला खात्यात आणलं, ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. घरातले दोघे भाऊ बोलायचे ते ‘वाढ’ आणि ‘पुरे’ एवढंच. त्यामुळे या दोघींना एकमेकींशिवाय बोलायला माणूस नव्हतं. दुपारी डबा एक, चमचे दोन. खात्यात सगळे त्यांना थोरली-धाकटीच म्हणायचे.

खिडकी उघडली की घड्यांच्या चळती उडायच्या. बंद केली की सरसाच्या वासानं डोकं चढायचं. म्हणजे घडीवाल्यांना ती बंद हवी आणि सरसवाल्यांना उघडी. इतकी वर्षं जो आधी पोचेल तो आपल्या मनासारखं करायचा आणि दुसरा दिवसभर कुरकुरायचा. छान चाललं होतं. मग नवा मुकादम आला आणि त्यानं एकदा सहज विचारलं, “बहुमत कशाला आहे?”

हात वर झाले. सात इकडे, सात तिकडे. शेजारच्या कटिंगवाल्यानं ‘बंद’साठी हात वर केला म्हणून थोरलीनंही केला. धाकटीनं ‘उघडी’साठी केला. घरी जाताना दोघी त्यावर हसल्या. मुकादमानं एक आठवडा बंद, एक आठवडा उघडी असं ठरवून दिलं आणि प्रश्न सुटला असं समजून तो आपल्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवसापासून अकराच्या चहाला बंदवाले कटिंग मशीनपाशी बसू लागले आणि उघडीवाले खिडकीपाशी. भांडण काही नव्हतं. पण कालच्याबद्दल बोलायचं तर हो म्हणणारा शेजारी असलेला बरा वाटतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. दोन महिन्यांत मशीनपाशी बसणाऱ्यांचं मुकादमाबद्दल, जादा पाळीबद्दल आणि कुणाची सून किती शिष्ट आहे याबद्दलही एकच मत झालं. मी वरून बघत होतो. कुणी मतासाठी सोबत बदलली, कुणी सोबतीसाठी मत बदललं. दुसऱ्या तऱ्हेचे लोक पुष्कळ जास्त होते.

सुरुवातीला थोरली मला जिन्यात म्हणाली होती, “खरं सांगू? वारा आला की मला बरंच वाटतं.” तिसऱ्या महिन्यात तीच म्हणाली, “खिडकी उघडी टाकणारी माणसं मुळातच बेफिकीर असतात.” खोटं बोलत नव्हती. चहा पिता पिता तिला ते पटलं होतं.

मग एकदा मशीनपाशी कटिंगवाला म्हणाला, “तुमच्या जावेनं पन्नास पुठ्ठे उलटे चिकटवले आणि खापर घडीवर फोडलं.” पुठ्ठे कुणी उलटे चिकटवले ते थोरलीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. धाकटी त्यात नव्हती. पण सगळे हसले आणि थोरलीही जराशी हसली.

ते हसू तिच्या आधी घरी पोचलं.

“जाऊबाई, तुम्ही हसलात म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“म्हणजे हसलात,” धाकटी म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी डबे दोन झाले. आठवड्याभरात स्वयंपाकघरातलं कपाट भिंतीपासून सरकून मधोमध आलं. कामाला जायची वेळ एकच, पण एक पुढे आणि एक वीस पावलं मागे.

थोरलीला ते फार लागलं होतं. हा माझा अंदाज नाही, तिनंच सांगितलं. प्रुफांचा गठ्ठा न्यायला ती वर आली आणि तिथेच स्टुलावर बसली. “भांडण झालं असतं तर मिटवलं असतं हो. हे धड भांडणही नाही.”

“मग जाऊन बोला तिच्याशी. चुकले म्हणा.”

“आणि चहा कुणाबरोबर घेऊ?”

मला तेव्हा हसू आलं होतं.

चार महिने असे गेले. मग एका बंदच्या आठवड्यात सरस उतू गेला. खात्यात डोळे उघडेनात. धाकटीला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. खिडकीशी बसलेले सहाजण आठवडा कुणाचा आहे ते मुकादमाला विचारायला निघाले. थोरली उठली, टेबलांमधून वाट काढत गेली आणि तिनं खिडकी सताड उघडली. सगळ्यात आधी तिचीच चळत उडाली. सकाळपासूनचं काम जमिनीवर पसरलं.

धाकटीनं पदरानं तोंड पुसलं. कोपऱ्यात शिवलेली पुस्तकं दाबायचे लोखंडी ठोकळे होते. त्यातले दोन तिनं उचलून आणले. कागद गोळा करून थोरलीच्या टेबलावर ठेवले आणि वर ठोकळे ठेवले. वारा चालू राहिला, कागद जागचा हलला नाही. ते ठोकळे खातं सुरू झाल्यापासून त्या कोपऱ्यात होते.

आनंद कुणालाच झाला नाही. कटिंगवाला म्हणाला, “आता दर घडीला लोखंड उचलायचं का माणसानं?” सरसवाल्यांतली सगळ्यात जुनी बाई म्हणाली, “म्हणजे इतके दिवस आम्ही उगाच बोलत होतो, असंच ना?” तसंच होतं, पण ते तोंडावर कोण सांगणार.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोन्हीकडे या दोघींसाठी कप नव्हता. त्या जिन्यात जाऊन बसल्या. दुपारी डबा एक, चमचे दोन. वर जायची माझी वाट तीच, म्हणून मीही तिथेच टेकू लागलो. मग शिलाईची एकजण आली, मग आणखी कोणी. महिनाअखेर आम्ही सातजण होतो. खिडकीचा विषय आम्ही काढत नसू. खिडकीवरून भांडणाऱ्यांना हसत असू, आणि शहाणी माणसं जिन्यातच बसतात यावर आमचं एकमत होतं.

एकदा कटिंगवाला कप घेऊन खाली उभा राहिला. त्याच्याकडचे चारजण तोवर पांगले होते.

“जागा आहे का?” त्यानं विचारलं.

थोरलीनं गुडघे आखडून पायरी मोकळीही केली होती. एक माणूस आरामात बसला असता.

“जागा कुठे आहे?” धाकटी म्हणाली. त्याला नाही, थोरलीकडे बघून.

थोरलीनं रिकाम्या पायरीकडे पाहिलं, मग जावेकडे. डबा दोघींच्या मधे उघडा होता, दोन्ही चमचे त्यातच होते. तिनं पाय पुन्हा पसरले.

“नाही हो,” ती त्याला म्हणाली, आणि जराशी हसली.

मीही पाय पसरले. माझा कप धाकटीनं नुकताच भरला होता.