दारात उभ्या राहणाऱ्या डॉक्टर

कासारवाडीतल्या डॉक्टर मधुवंतींच्या टेबलावर घंटी नाही. पेशंटला बोलवायला त्या स्वतः उठून दारात येतात. "किती उठबस करता म्याडम!" म्हणून नवे पेशंट हळहळतात. पण माणूस बाकावरून कसा उठतो, कसा चालतो, हे घंटी वाजवून थोडंच दिसतं? नसांचे निम्मे आजार त्या दारातच ओळखतात, आणि उरलेले ओळखल्याचं सोंग आणत नाहीत. हे दुसरं जास्त अवघड.

भैरूचा आधी आवाज आला. उजवं पाऊल फट् फट् आपटत होतं. पुनावळ्याच्या नव्या इमारतींत तो फरश्या बसवायचा. मागून बायको कस्तुरा, एमआरआयची पिशवी छातीशी धरून. मणक्यातली गादी सरकलीय म्हणून एका डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं.

"मणका कापल्यावर हे चालतील न्हवं, म्याडम?" कस्तुराने बसण्याआधीच विचारलं.

मधुवंतींनी फिल्म पाहिली. गादी खरंच सरकली होती. पण चाळिशीनंतर ती अनेकांची सरकते, त्यांना पत्ताही नसतो. भैरूची कंबर तर दुखतच नव्हती. त्याला पाऊल वर उचलता येईना. तेच पाऊल आत वळवायला सांगितलं, तर त्याने पावलाने डॉक्टरबाईंचा हात सहज ढकलला. त्या थबकल्या. नस मणक्यात दबली असती, तर हाही जोर कमी व्हायला हवा होता.

"कामाला कसे बसता, दाखवा."

"तुमच्याम्होरं? न्हाई जी!" आजवर प्रत्येक डॉक्टरपुढे तो खुर्चीच्या टोकावर अदबीने बसला होता. बाईंनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. "ही तुमची फरशी. बसवा."

लाजत भैरू उकिडवा बसला. बाईंनी त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बोटाने ठोकलं.

"आई गं! मुंग्या आल्या, पार पावलापातूर!"

दिवसदिवस उकिडवं बसून नस तिथे दबली होती. नसांच्या तपासणीतही तेच निघालं. बाईंनी त्या डॉक्टरांना फोन केला, ऑपरेशन थांबलं. भैरूला पायाला पट्टा आणि उभ्याने फरश्या कापायचं काम मिळालं. "पण माझंही चुकू शकतं," त्यांनी कस्तुराला बजावलं. "कंबर दुखली, लघवी अडली, दुसरा पाय जड झाला, तर लगेच यायचं."

त्यानंतर बाहेर कुणाची चप्पल जोरात वाजली, की भैरूच आला का, म्हणून बाई दारात डोकावायच्या.

अडीच महिन्यांनी त्या दारात आल्या. भैरू उठला, चालत आला. पाऊल आपटल्याचा आवाज झाला नाही.

"मागे जा, पुन्हा चालत या."

भैरूचा चेहरा उतरला. "काय चुकलं का, म्याडम?"

"काही नाही हो. मला डोळे भरून बघायचंय."