सरांनी सोडलेली जागा

पूर्णिमानं हरिभाऊ सरांचा चेहरा कधी पाहिला नव्हता, पण ते कुठल्या वाक्याला खोकणार हे तिला आधी कळायचं. सर निपाणीचे, हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले. दहावीच्या पोरांसाठी ते ऑनलाइन धडे घालत. व्हिडिओत दिसायचा तो नुसता फळा आणि खडू धरलेला हात. पूर्णिमा सांबऱ्याची, बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन बेळगावात वडगावला आलेली. सरांचं बोलणं ऐकून यंत्र व्हिडिओखाली आपोआप ओळी लिहायचं, त्यांना कॅप्शन म्हणतात; त्या दुरुस्त करायचं काम तिचं. सरांच्या मुलानं, चिन्मयनं, बेंगळूरहून ते तिच्याकडं दिलं होतं.

यंत्राचा कान तिखट, पण डोकं बथ्थड. सर प्रकाशसंश्लेषण म्हणाले की ते खुशाल 'प्रकाश सावंत' लिहून मोकळं व्हायचं. सीमेवरचा मास्तर, मध्येच कानडीत 'गोत्तायतु?' म्हणून पोरांना कळलं का विचारायचा, तर यंत्र गोट्या खेळायला लागायचं. पूर्णिमा एकटीच हसायची. शेजारी विणकरांचे माग खडखडत असायचे, तिच्या कानांवर हेडफोन, आणि सासू नागुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की आमची सून कानात बोळे घालून पगार मिळवते. प्रत्येक धडा संपताना सर न चुकता म्हणायचे, "आणि खालच्या ओळी पूर्णिमाच्या." ते वाक्य ती मान खाली घालून टाइप करायची. लाजायची, पण गाळायची नाही.

सरांना एक जुनी खोड होती. वाक्य अर्धं सोडायचं आणि शेवटचा शब्द पोरांकडून वदवून घ्यायचा. समोर नुसती भिंत, तरी 'पृथ्वी सूर्याभोवती' म्हणून सर थांबायचे, आणि जरा वेळानं स्वतःच 'फिरते' म्हणायचे. ती जागा ओळखायला पूर्णिमाला वेळ लागत नसे, कारण थांबण्याआधी सरांचा आवाज वर चढायचा.

गणपतीच्या सुट्टीनंतर सर वेगळे थांबायला लागले. आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा आणि खडू फळ्यावर नुसताच वाजत राहायचा. "झाडाचं अन्न तयार होतं ते... हिरवं असतं बघा, फांदीला..." टक, टक, टक. विज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला पान हा शब्द सापडत नव्हता. शेवटी 'असो' म्हणून ते पुढं गेले. पूर्णिमानं ओळीत 'पानांत' असं घातलं. चांगलं काम केलं, असंच तिला त्या वेळी वाटलं.

मग तशा जागा वाढत गेल्या आणि ती त्या भरत गेली. सरांना न सापडलेला शब्द तिनं लिहायचा, तुटलेलं वाक्य सांधायचं. दिवाळीपर्यंत तिच्या जिवाची नुसती तगमग व्हायला लागली. व्हिडिओ थांबवून उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची. दूध उतू गेलं, भात करपला. पायाला भिंगरी बांधलीय काय गं, असं नागुबाईनं विचारलं. सांगणार काय? एक माणूस हळूहळू हरवत चाललाय आणि आपण रोज त्याच्यावर रंगसफेदी करतोय?

धीर करून तिनं चिन्मयला फोन केला. तो म्हणाला, बाबांचं वय झालंय, थोडं अडखळणारच. आणि घरी आई आहे, काही असतं तर तिला कळलं नसतं का? तुम्ही फक्त नीट करून द्या. माणूस वाईट नव्हता, लांब होता.

मग एका रविवारी शंका विचारायचं निमित्त काढून ती निपाणीच्या बसमध्ये बसली. तंबाखूच्या वखारींवरून विचारत विचारत घर सापडलं. दार सरांच्या बायकोनं, सुनंदाकाकूंनी, उघडलं. पूर्णिमानं तीनदा नाव सांगितलं, तरी त्या कानामागं हात धरून बघतच राहिल्या. काकूंना जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि कानातलं मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणून ते कपाटात. शेवटी तिनं फोनवर आपलं नाव लिहून दाखवलं, तेव्हा काकूंनी तिला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं.

चहा गाळता गाळता काकू म्हणाल्या, "घरात हे बोलतात दोन शब्द, तेही मला कुठले ऐकू येतात? पण तुझ्या ओळी आल्यापासून मी रोजचा धडा वाचते. मध्यंतरी वाटायचं गं, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. मग धडा वाचला की जीव भांड्यात पडतो. एक शब्द इकडचा तिकडं होत नाही अजून."

पूर्णिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या एका बाईला हे कळायला हवं होतं, तिलाच आपण रोज फसवत होतो. चहा तसाच निवला.

निघताना सर तिला स्टँडपर्यंत सोडायला आले. ठेंगणे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, चालीनं अजून तरतरीत. वाटेत त्यांनी सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांची चौकशी केली. मग एका कोपऱ्यावर ते थांबले.

"तू भरतेस ते मला ठाऊक आहे. मीही वाचतो. मला काय म्हणायचं होतं ते तिथंच सापडतं मला."

"काकूंना सांगून टाका की सर. मला लई बेचैन होतंय. हितं-तितं कुठंच बसवत न्हाय."

"तिचे कान गेले तेव्हा मी म्हणालो होतो, आता तुझे कान मी. आता कुठल्या तोंडानं सांगू?" सर रस्त्याकडं बघत राहिले. "पुस्तक संपेपर्यंत तरी भर. शब्द दे मला."

पूर्णिमा "व्हय सर" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पुढचा धडा रक्ताभिसरणाचा आला. "रक्त शरीरभर ढकलतं ते..." इथं सर थांबले, पण खडू वाजलाच नाही. ते शब्द शोधतच नव्हते. मागून येणारी पोरगी भरील, म्हणून जागा सोडून निवांत पुढं निघाले. आपण हात देतोय म्हणून त्यांनी चालायचंच सोडलं होतं. ती उठली, मागच्या दारी गेली, परत आली, पुन्हा उठली. मग बसली आणि सरांनी जसं सोडलं होतं तसंच लिहिलं. प्रत्येक रिकाम्या जागी तीन टिंबं आणि पुढं 'सर थांबले'. आणि पाठवून दिलं. दिलेला शब्द मोडला होता, आणि तोही अशा माणसाला की ज्याच्याजवळ शब्दच उरत नव्हते.

अर्धवट कॅप्शन कसे गेले, म्हणून चिन्मयचा रागाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. आईनं धडा वाचला, माडीवर जाऊन फोन बाबांच्या पुढ्यात ठेवला, आणि बाबा रडले. नंतर दोघं बेळगावात डॉक्टरांकडं येऊन गेली, हेही चिन्मयनंच सांगितलं. वडगाव तिथून जवळ, पण तिच्याकडं कुणी आलं नाही. धडेही बंद पडले. काम नसताना पूर्णिमाचे कान मोकळे राहिले आणि तिला मागांचा आवाज सहन होईना. आपण बरोबर केलं, असं ती दिवसातून दहादा स्वतःला सांगायची, आणि दहादा ते तिला पटायचं नाही.

मग संक्रांतीनंतर एक व्हिडिओ आला. तोच फळा, तोच हात. सर बारीक रक्तवाहिन्यांबद्दल बोलता बोलता थांबले, आवाज उतरला, खडू टक टक वाजला. आणि एक दुसराच आवाज आला, मोठा, सपाट, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा. "केशिका." काकूंना बोलणं ऐकू येत नव्हतं, पण खडू अडलेला दिसत होता, आणि पुस्तक मांडीवर असणार. सर "हां, केशिका" म्हणून पुढं गेले. धडाभर असंच चाललं. पूर्णिमा डोळे पुसत टाइप करत होती.

धडा संपला. सर म्हणाले, "आणि खालच्या ओळी..."

आणि थांबले. पूर्णिमानं ती जागा मागं नेऊन पुन्हा ऐकली, परत ऐकली. आवाज चढला होता की उतरला होता? राग धरून नाव घेत नव्हते, की नावच गेलं होतं? दोन वर्षं ह्या आवाजाचा श्वासन् श्वास ओळखणाऱ्या तिला ह्या वेळी काही केल्या कळेना.

"पूर्णिमाच्या," काकू म्हणाल्या.

तिनं सरांच्या ओळीपुढं तीन टिंबं दिली, 'सर थांबले' असं लिहिलं, आणि खाली काकूंच्या नावापुढं आपलं नाव टाइप केलं.