चाचांच्या पालीची अंडी

माझ्यासारख्याने लिहावं की नाही, ठाऊक नाही. वडील तलावात जाळं टाकतात, आमच्याकडे माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. चुकलं तर माफ करा. पण नागभीडच्या माझ्या घरमालकांइतका, चाचांइतका, अंड्यांपायी दुःखी होणारा माणूस या जगात दुसरा नसेल.

चाचा घड्याळं दुरुस्त करतात. नागपूरहून त्यांनी ठिपक्यांच्या विदेशी पालींची जोडी आणली होती आणि एक तरी पिल्लू आपल्या घरात निघावं, एवढीच त्यांची आस होती. मादी दर खेपेला दोन अंडी द्यायची. मग डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून, अंड्यामागे टॉर्च धरून चाचा श्वास रोखून बसायचे. लालसर शिरा दिसल्या तर भरलेलं, नुसता पिवळा उजेड दिसला तर पोकळ. तीन वर्षं पिवळाच दिसला. पिवळा दिसला की त्या दिवशी दुकान बंद, जेवण बंद. चाची म्हणायच्या, "कोंबड्या पाळल्या असत्या त मातम तरी नसता, आमलेट झालं असतं!" चाचा माझ्याकडे वळायचे. "मास्तर, तू सायन्सवाला न? हे पिवळंच काऊन दिसते?" मी पुस्तकात पाहतो म्हणायचो.

चाचांचा बंद वस्तूवर विश्वासच नव्हता. मुकी झालेली घड्याळं, कुकरची शिट्टी, एकदा तर माझा चांगला चालणारा कॅल्क्युलेटरसुद्धा त्यांनी खोलला. "उघडल्याबिगर काई समजत नाई," म्हणायचे.

मार्चमध्ये एका अंड्यात लालसर शिरा दिसल्या. ईद नसताना चाचींना शिरखुर्मा करावा लागला. ते अंडं ठेवलेल्या ओलसर भुशाच्या डबीपाशी चाचा जेवायचे, तिथेच झोपायचे. परीक्षा संपल्यावर मी गावी आलो. तिथे वाचनात आलं, की पिल्लू निघायच्या आधी अंडं आत दबतं, घाबरू नये. सांगायला फोन हातात घेतला. पण तीन वर्षं भिंग लावून बसलेल्या माणसाला मी काय शिकवणार? चौथ्या दिवशी हिंमत केली.

फोन चाचींनी उचलला. "अंडं चपकून आत दबलं होतं, बेटा. त्यायले वाटलं सडलं. परवा चिमट्यानं उघडलं त्यायनं."

मागून चाचांचा आवाज आला, अगदी हळू. "मास्तरले सांग, भरलेलं होतं. पिल्लाची बोटं मोजली मी. पुरी वीस."